काच पिवळी पडत नाही

जानेवारी २०२३ मध्ये वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. अशा ठिकाणी लोक बॉनेट न्याहाळतात. मला समोरच्या काचेच्या कडा बघाव्याशा वाटतात. मूळ काच टिकून असेल तर तिथे बरेचदा पिवळे-तपकिरी डाग आणि बुडबुडे दिसतात. ‘काच म्हातारी झाली’ असं म्हणतात, पण काच बिचारी निर्दोष असते. खराब होतो तो तिच्या पोटातला पडदा.

१९०३ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेडिक्टस यांच्या प्रयोगशाळेत एक चंबू पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेट या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा पापुद्रा वाळून बसला होता. दोन काचांमध्ये हाच पापुद्रा दाबून बसवायच्या युक्तीचं पेटंट त्यांनी १९०९ मध्ये घेतलं.

पण या पदार्थाला ऊन सोसत नाही. अतिनील किरणांनी तो तुटतो, नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, कडेने शिरलेल्या ओलाव्यात त्यांचं आम्ल होतं आणि ते आम्ल उरलेल्या पापुद्र्याला आणखी वेगाने खातं. वडोदऱ्याचा मे महिना आणि पाठोपाठ येणारा पावसाळा म्हणजे त्याला मेजवानीच. बाहेरून कितीही पॉलिश मारा, उपयोग शून्य. काच बदलावीच लागते.

सुदैवाने त्या काळच्या बहुतेक काचा सपाट असत. जुन्या काचेवरून पुठ्ठ्याचा साचा काढायचा आणि आजची लॅमिनेटेड काच त्या मापाने कापून घ्यायची. तिच्यात दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी (पॉलिव्हिनाइल ब्युटिरल) या प्लास्टिकचा लवचीक थर असतो, तो ऊन कितीतरी चांगलं सोसतो. कारागीर दोन्ही बाजूंनी चरा ओढून काच मोडतो, मग मधला थर ब्लेडने सोडवतो. टफन्ड काच मात्र अशी कापता येत नाही. सहाशे अंशांच्या वर तापवून झटकन थंड केल्याने तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. चरा खोल गेला की सगळी काच खड्यांसारखी सांडते. तिला आकार आधी, भट्टी नंतर.

काही शौकीन जुन्या काचेतल्या लहरींसाठी हळहळतात. या लहरी काच ओढून बनवताना पडत. काच हळूहळू ओघळते ही नुसती दंतकथा. माझं मत विचाराल तर, समोर लॅमिनेटेडच बसवा, लहरी विसरा.

आणि कडा बंद करताना आंबट वास येणारं सिलिकॉन नको. त्यातून सुटणारं ॲसेटिक आम्ल पीव्हीबीच्या कडा बिघडवतं. ‘न्यूट्रल’ लिहिलेली ट्यूब मागा.