एचआयव्हीबाधितांतील हृदयस्नायूविकाराची प्रतिमा-तपासणी

एचआयव्हीच्या संसर्गात हृदयाच्या स्नायूत होणारे बिघाड टू-डी इको, एमआरआय अशा तपासण्यांनी शोधणे व त्यांची तीव्रता ठरवणे. विषाणूची वाढ रोखणारी एआरटी औषधे येण्यापूर्वी हृदय फुगून दुबळे झालेले रुग्ण इकोवर सहज ओळखू येत. एडिनबरोतील २९६ रुग्णांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात १३ जणांना असा विकार आढळला आणि निदानानंतरचे त्यांचे मध्यक आयुष्य अवघे १०१ दिवसांचे होते. इटलीत १९९८ च्या अभ्यासात ९५२ पैकी ७६ जणांमध्ये इकोने हाच विकार टिपला.

आज चित्र पालटले आहे. इको करताना रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवतात. चारही कप्पे पडद्यावर आले, की डाव्या निलयाची (शरीरभर रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याची) आतली कड दोनदा रेखतात: एकदा ते रक्ताने भरलेले असताना, एकदा पुरते आकुंचन पावल्यावर. त्यातून इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला निलयातले किती टक्के रक्त बाहेर पडते तो आकडा, रुग्णांच्या भाषेत ‘पंपिंग’, काढतात. नियमित एआरटी घेणाऱ्यांत हा आकडा बहुधा उत्तम असतो आणि तेवढ्यावर समाधान मानले, की आजार निसटतो. स्नायू आकुंचन पावतो, पण सैलावायला वेळ लावतो. हा दोष (डायस्टोलिक डिस्फंक्शन) टिश्यू डॉपलरने, म्हणजे स्नायूच्या हालचालीचा वेग टिपणाऱ्या इकोच्या पद्धतीने, मोजतात. मात्र रक्तदाब, मधुमेह किंवा नुसते वाढते वय असले तरी तो दिसतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘ग्रेड १ डायस्टोलिक डिस्फंक्शन’ वाचून लगेच एचआयव्हीला दोष देणे घाईचे ठरते. स्नायू लांबीच्या दिशेने किती आखडतो हे सांगणारा स्ट्रेन हा आकडा अधिक बारकाईचा. तो निरोगी हृदयात उणे २० टक्क्यांच्या आसपास असतो. पण यंत्राच्या कंपनीनुसार तो बदलतो, म्हणून पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करावी.

स्नायूतील व्रण पाहायचा तर एमआरआयच हवा. शिरेतून गॅडोलिनियम हे प्रतिमा उठावदार करणारे द्रव्य दिल्यावर काही मिनिटांनी व्रणाची जागा पांढरी उमटते. रक्तवाहिनी बंद पडल्याने झालेला व्रण आतल्या अस्तरापासून सुरू होतो. दाहाचा व्रण भिंतीच्या मधोमध किंवा बाहेरच्या अंगाला असतो. ऑक्सफर्डच्या २०१३ मधील अभ्यासात एआरटी घेणाऱ्या ९० जणांपैकी ७६ टक्क्यांत असे तंतुमय डाग आढळले, तर तुलनेसाठी घेतलेल्या, एचआयव्ही नसलेल्या ३९ जणांत १३ टक्क्यांत. स्नायूतील चरबीही वाढलेली होती. एआरटीतील टेनोफोविर या औषधाने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, त्यामुळे गॅडोलिनियम देण्यापूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहून घेणे चांगले.

भारतात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी एप्रिल २००४ पासून मिळते. इथे धाप लागणाऱ्या रुग्णाचा इको करताना क्षयरोगाने हृदयावरणात पाणी साचले आहे का, हे आधी पाहावे लागते, कारण त्याचा उपचार वेगळा आहे. हृदयाचा एमआरआय बव्हंशी मोठ्या शहरांपुरता आणि महाग. लक्षणे नसलेल्या प्रत्येकाला तो करण्याची शिफारस नाही. छातीत दुखत असेल तर रक्तवाहिन्यांचा सीटी किंवा अँजिओग्राफी करून अडथळा नाही याची खात्री करतात. डाग विषाणूचा, औषधाचा की जुन्या दाहाचा, हे प्रतिमेवरून नेहमीच ठरत नाही. त्यासाठी स्नायूचा तुकडा काढून तपासावा लागतो, आणि ते क्वचितच केले जाते.