फ्लॉरेन्सची शनिवार-रविवारची सहल: नावांची यादी पाठवण्यापूर्वी कृपया हे वाचावे

मिलान आणि उत्तर इटलीतील इतर शहरांत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या गटांसाठी आम्ही फ्लॉरेन्सची दोन दिवसांची सहल आखून देतो. मिलानहून वेगवान गाडीने सुमारे दोन तासांत तेथे पोहोचता येते आणि जुने शहर पायीच पाहता येते, हे बहुतेकांना ठाऊक असते. म्हणून त्याविषयी येथे लिहिलेले नाही. जवळजवळ प्रत्येक गट एकच प्रश्न विचारतो: "आम्ही सगळे विद्यार्थीच आहोत, मग सगळ्यांना सवलतीचे तिकीट का नाही?" या प्रश्नाचे उत्तर आणि त्यातून होणारा घोटाळा कसा टाळावा, एवढ्यासाठीच हे पत्रक काढले आहे.

उफिझी आणि मायकेलँजेलोचा 'डेव्हिड' जेथे आहे ती अकादेमिया, ही दोन्ही सरकारी संग्रहालये आहेत. सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालील सर्वांना, मग ते कोणत्याही देशाचे असोत, प्रवेश मोफत असतो. १८ ते २५ या वयोगटासाठी २ युरोंचे तिकीट आहे, परंतु ते युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. ही सवलत वय आणि नागरिकत्व पाहून दिली जाते, विद्यार्थी असण्यावर ती अवलंबून नाही. त्यामुळे भारतीय पासपोर्ट असलेल्या विद्यार्थ्याजवळ इटलीतील विद्यापीठाचे ओळखपत्र आणि निवासाचा परवाना असला, तरी त्या आधारावर त्याला हे तिकीट मिळत नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. इटलीतील किंवा युरोपीय संघातील विद्यापीठात वास्तुशास्त्र, सांस्कृतिक वारशाचे जतन, पुरातत्त्व किंवा कलेचा इतिहास यांसारखे विषय शिकणाऱ्यांना सरकारी संग्रहालयांत प्रवेश मोफत आहे. त्यासाठी चालू वर्षाच्या प्रवेशाचा दाखला दाखवावा लागतो. म्हणजे एकाच खोलीत राहणाऱ्या दोन मित्रांपैकी वास्तुशास्त्राचा विद्यार्थी मोफत आत जातो आणि यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पूर्ण तिकीट घ्यावे लागते. उफिझीचे आगाऊ आरक्षण केल्यास मोफत तिकिटावरही ४ युरो आरक्षण शुल्क द्यावे लागते. आमच्या हिशेबात ते वेगळे दाखवलेले असते. तो आमचा नफा नव्हे.

कॅथेड्रल, त्याचा घुमट आणि मनोरा यांचा कारभार मात्र सरकारकडे नाही. तो १२९६ साली स्थापन झालेली कॅथेड्रलची स्वतंत्र संस्था पाहते, आणि सरकारी संग्रहालयांच्या सवलती तेथे लागू होत नाहीत. वास्तुरचनाकार ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या या घुमटावर जाण्यासाठी दिवस आणि वेळ ठरवूनच तिकीट घ्यावे लागते. वर जाण्यासाठी ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि वाट अरुंद आहे; कोणाला दम्याचा किंवा बंदिस्त जागेचा त्रास असेल तर तसे आम्हाला आधी सांगावे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हा नियमही तेथे कटाक्षाने पाळला जातो.

आता ज्या चुकीमुळे सर्वाधिक वेळ वाया जातो, तिच्याविषयी. गटप्रमुख आम्हाला "एकूण अठरा विद्यार्थी" एवढेच कळवतात, किंवा मैत्रीत वापरली जाणारी नावे लिहून पाठवतात. नागरिकत्व, जन्मतारीख आणि अभ्यासक्रम यांचा उल्लेख नसतो. अशा यादीवरून आम्ही पूर्ण दराची तिकिटे घेतली, तर ज्याला मोफत प्रवेश मिळाला असता त्याचे पैसे वाया जातात. आणि सवलतीची घेतली, तर प्रवेशद्वारावर कागद तपासताना दोघे-तिघे अडतात, त्यांच्यासाठी नवे तिकीट काढावे लागते आणि तोवर उरलेला गट रस्त्यावर ताटकळत उभा राहतो. उफिझीत गेलेला हा वेळ पुढे घुमटाच्या वेळेवर येतो, आणि घुमटाची वेळ हुकली की ती त्या दिवशी पुन्हा मिळेल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. एका माणसाच्या अपुऱ्या माहितीची किंमत अशा रीतीने सगळ्या गटाला मोजावी लागते, आणि नेमके हेच आम्हाला टाळायचे आहे.

म्हणून यादीत प्रत्येकाचे पासपोर्टवर आहे तसेच पूर्ण नाव, जन्मतारीख, नागरिकत्व, विद्यापीठ आणि अभ्यासक्रम लिहावा. मोफत प्रवेशास पात्र असणाऱ्यांनी प्रवेशाचा दाखला सोबत ठेवावा. मूळ पासपोर्टही जवळ असावा, कारण राहण्याच्या ठिकाणी प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे पाठवावी लागते.

सहलीच्या २१ दिवस आधी आम्ही यादी बंद करतो, आणि हे काहींना जाचक वाटते. परंतु रेल्वेचे सर्वांत स्वस्त दर आधीच संपतात आणि त्या दराच्या तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत; शनिवारच्या घुमटाच्या वेळाही लवकर भरतात. यादी उघडी ठेवली, तर वेळेवर पैसे भरणाऱ्यांना उशिरा येणाऱ्यांचा भुर्दंड सोसावा लागेल, आणि ते आम्हाला योग्य वाटत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये सर्वांना मोफत असतात, म्हणून तोच रविवार धरावा असा आग्रह होतो. त्या दिवशी उफिझीचे आगाऊ आरक्षण होत नाही आणि रांग फार मोठी असते. ज्यांच्याजवळ दोनच दिवस आहेत त्यांनी त्यातला अर्धा दिवस रांगेत घालवावा, असा सल्ला आम्ही देत नाही. संग्रहालयात माहिती सांगण्यासाठी आम्ही परवानाधारक मार्गदर्शकच नेमतो. इटलीत मार्गदर्शनाचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, त्यामुळे हा खर्च कमी करण्याची विनंती आम्ही स्वीकारू शकत नाही.

रविवारी कॅथेड्रलचा अंतर्भाग प्रार्थनेमुळे पर्यटकांसाठी बंद असतो, म्हणून घुमट आणि संग्रहालये आम्ही शनिवारी ठेवतो आणि रविवारची सकाळ काशिने उद्यानातील कोल्हापूरच्या छत्रपतींच्या स्मारकासाठी राखतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये निवर्तले. तेव्हा त्यांचे वय अवघे २० वर्षांचे होते. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, नगरपालिकेच्या परवानगीने, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. १८७४ साली तेथे छत्री उभारण्यात आली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा असून, कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे रचनाकारही तेच होत. छत्रीखालील महाराजांचा अर्धपुतळा शिल्पकार फुलर यांनी घडवला आहे. इटलीत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी हे स्थळ पाहिल्याशिवाय फ्लॉरेन्स सोडू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. म्हणूनच या भेटीचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. ट्राम उद्यानाच्या शहराकडील टोकापर्यंत जाते आणि छत्री अगदी दुसऱ्या टोकाला आहे, त्यामुळे चालण्याजोगी पादत्राणे घालावीत आणि जाऊन-येऊन अडीच तास धरावेत.

यादीचा कोरा नमुना आमच्या कार्यालयात मिळतो. तो पूर्ण भरून दिल्यास, कोणाला कोणते तिकीट लागेल आणि माणशी खर्च किती येईल, हे आम्ही दोन दिवसांत लेखी कळवतो; त्यासाठी आगाऊ रक्कम भरावी लागत नाही.