सायलेन्सरमधून परत येणारी लाट

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आपल्या वृत्तपत्रांत अधूनमधून येतात, आणि दर वेळी कोणी ना कोणी तरुण मला सांगतो की पुंगळी, म्हणजे सायलेन्सरच्या शेपटातली आवाज दाबणारी भोकांची नळी, काढली म्हणजे धूर मोकळा होतो व गाडी जास्त पळते. वाढलेल्या आवाजाचा लोकांना होणारा त्रास आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) नुसार 10,000 रुपयांपर्यंत होऊ शकणारा दंड यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण हा समज भौतिकशास्त्राच्या कसोटीवरही टिकत नाही.

भंगारातून आणलेला यामाहा आरएक्स 100 चा एक सायलेन्सर मी घरच्या शेडमध्ये ग्राइंडरने उभा चिरला. शेपटाकडचा बोल्ट काढल्यावरही भोकांची पुंगळी काजळीने इतकी धरलेली होती की ती पक्कडीने पिळून ओढावी लागली. खरे पाहण्यासारखे होते ते तिच्या पुढे: इंजिनाकडून येणारी वाट हळूहळू रुंदावत जाते आणि शेवटाकडे नरसाळ्यासारखी पुन्हा आवळते.

आरएक्स 100 चे इंजिन टू-स्ट्रोक आहे. अशा इंजिनात सिलिंडरच्या भिंतीतली भोके, म्हणजे पोर्टे, झडपांऐवजी पिस्टनच उघडतो-मिटतो. पिस्टन खाली येताना आधी धुराचे पोर्ट उघडते, मग पेट्रोल-हवेच्या ताज्या मिश्रणाची पोर्टे उघडतात, आणि पिस्टन वर जाताना धुराचे पोर्ट सर्वांत शेवटी बंद होते, त्यामुळे नुकतेच आत आलेले थोडे पेट्रोल न जळताच धुरामागोमाग निसटते. ते अडवायचे कसे? पोर्ट उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावत सुटते. विहिरीत हाक मारली की ती तळाशी आपटून परतते, तशी ही लाटही परतते. मात्र नळी रुंदावते तेथून ती शोषणाची लाट होऊन येते व सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेते, आणि नळी आवळते तेथून दाबाचीच लाट होऊन येते व निसटलेले मिश्रण पोर्ट बंद होण्याच्या ऐन क्षणी परत आत ढकलते.

सगळा खेळ त्या क्षणाचा आहे. तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 500 मीटर धरू. मिनिटाला 7,500 फेऱ्या असताना एका फेरीला 8 मिलिसेकंद लागतात आणि धुराचे पोर्ट सुमारे अर्धी फेरी, म्हणजे 4 मिलिसेकंद, उघडे राहते. तेवढ्या वेळात लाट 2 मीटर जाते. जाऊन परत यायचे असल्याने आवळणारा भाग पोर्टापासून जवळपास एक मीटरवर हवा. फेऱ्या निम्म्या झाल्या तर पोर्ट 8 मिलिसेकंद उघडे राहते, लाट मात्र चौथ्याच मिलिसेकंदाला येऊन धडकते आणि सिलिंडर भरण्यात अडथळा आणते. विशिष्ट फेऱ्यांपाशी टू-स्ट्रोक गाडी एकदम उसळी घेते, त्याचे एक मोठे कारण हेच.

पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीचे अभियंते वाल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात हे तंत्र इतके पुढे नेले की 1961 पर्यंत त्यांच्या 125 सीसी शर्यती इंजिनातून 25 अश्वशक्ती मिळू लागली. त्याच वर्षी त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर हे तंत्र सोबत घेऊन पश्चिमेकडे निघून गेला, आणि 1962 मध्ये सुझुकीच्या 50 सीसी गाडीवर विश्वविजेता ठरला.

ज्या नळीची लांबी अशी मिलिसेकंदांत बेतलेली आहे, तिच्या अंगाला ड्रिलने भोके पाडली तर दाब तिथूनच फुटतो आणि परतणारी लाट दुबळी होते. नुसती पुंगळी काढली तरी नळीतला दाब बदलतो, पेट्रोल मोजून सोडणारा कार्ब्युरेटरचा जेट मात्र जुन्याच हिशेबाचा राहतो, आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडून पिस्टन जास्त तापण्याचा धोका संभवतो. वाढतो तो आवाज, आणि आवाजालाच आपण वेग समजतो. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून मायलेज वाढवण्याच्या जाहिराती याच जातीच्या आहेत. ज्याला शंका असेल त्याने एकाच चढावर, एकाच गिअरमध्ये, पुंगळीसह आणि पुंगळीविना घड्याळ लावून पाहावे.

घरच्या शेडमध्ये करण्याजोगे खरे काम वेगळेच आहे. पुंगळीची भोके तारेच्या ब्रशने मोकळी करावीत, धुराच्या पोर्टावरची काजळी पिस्टनला ओरखडा न पडेल अशी लाकडी काडीने खरवडावी, आणि सिलिंडरला नळी जोडताना तेथील गॅस्केट नवे घालावे, कारण लाट ज्या तोंडातून आत शिरायची तेच गळत असेल तर पुढची लांबी कितीही अचूक असून उपयोग होत नाही.