हातघाईचा निकाल (मिनिएचर वॉरगेम)

मिनिएचर वॉरगेममध्ये, म्हणजे टेबलावर छोटे पुतळे मांडून खेळायच्या युद्धखेळात, दोन तुकड्यांचे बेस (पुतळ्यांखालच्या पट्ट्या) एकमेकांना भिडले की कोण मेले, कोण हटले आणि जागा कोणाकडे राहिली, हे ठरवण्याची पद्धत. लांबून मारा करणारा सहसा सुरक्षित असतो. हातघाईत दोघेही एकाच वेळी पणाला लागतात. नियम लिहिणाऱ्याची खरी परीक्षा इथेच होते.

प्रशियन सैन्यातल्या १८२४ च्या क्रीगश्पील या युद्धखेळामध्ये चकमकींचा निकाल फाशांवर लागे. एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’मध्ये (१९१३) फासे बाजूलाच ठेवले. तोफा खेळण्यातल्या, पण खरोखर गोळा उडवणाऱ्या; हातघाईत मात्र माणसामागे माणूस असा रोकडा हिशेब, आणि एकटी पडलेली तुकडी कैद होण्याची सोय. निकाल झटपट लागतो, पण दैवाला वाव नाही.

आटोपशीरपणात ‘डे बेलिस अँटिक्विटाटिस’ (डीबीए, १९९०) या नियमसंचाला तोड नाही. फिल बार्कर हे त्याच्या कर्त्यांपैकी एक. प्रत्येक सैन्यात १२ एलिमेंट, म्हणजे एका बेसवर बसवलेले पुतळ्यांचे गट, असतात. भिडलेल्या दोन एलिमेंटांसाठी प्रत्येकी एकच फासा टाकायचा आणि त्यात त्या प्रकारच्या सैनिकांचा गुणांक मिळवायचा. सोबत सेनापती असेल किंवा एलिमेंट चढावर असेल तर एक गुण वाढतो. शत्रू बगलेवर लागून उभा असेल तर एक कमी होतो. बेरीज शत्रूच्या बेरजेपेक्षा कमी आली पण तिच्या निम्म्याहून जास्त असली तर बहुधा मागे सरकायचे. निम्मी किंवा त्याहून कमी आली तर बहुधा एलिमेंट टेबलावरून उचलायचा.

रोमन तलवारबाजांचा पायदळाविरुद्ध गुणांक ५, गॉल टोळीवाल्यांचा ३. रोमनाला ३ पडले आणि गॉलला २, तर ८ विरुद्ध ५: गॉल मागे सरकतात. गॉलला १ पडला असता तर ४, म्हणजे नेमके निम्मे, आणि एलिमेंट गेला. पण रोमनाला २ आणि गॉलला ५ पडले तर ७ विरुद्ध ८. फरक एकाचाच, तरी रोमन एलिमेंट उचलावा लागतो, कारण टोळीवाल्यांकडून हरलेले तलवारबाज मागे सरकत नाहीत, नष्टच होतात. एरवी कमकुवत दिसणाऱ्या गॉल सैन्याने चढाई करावी ती याच भरवशावर. मागे सरकायला जागाच नसेल तर एलिमेंट नुसत्या पराभवानेही नष्ट होतो. म्हणून मुरलेले खेळाडू फाशापेक्षा रांगेच्या मांडणीवर जास्त डोके खर्च करतात.

‘वॉरहॅमर’ या काल्पनिक जगातल्या लढायांच्या खेळाची (पहिली आवृत्ती १९८३) चाल वेगळी. तिथे वार लागला का, जखम झाली का, चिलखताने वाचवले का, असे टप्प्याटप्प्याने मूठभर फासे पडतात. त्यात गंमत आहे, पण वेळही जातो. जुन्या आवृत्त्यांत जखमांच्या बेरजेत मागच्या रांगा, निशाण आणि बगलेवरून किंवा पाठीमागून केलेला हल्ला यांचेही गुण धरले जात. हरलेल्या तुकडीने दोन फाशांची बेरीज आपल्या नेतृत्वगुणाच्या आत ठेवायची, आणि जितक्या गुणांनी हार तितका तो गुण आधीच घटवायचा. बेरीज वर गेली की पळ. पाठलाग करणाऱ्याने गाठले तर अख्खी तुकडी संपली. सगळ्यात जास्त माणसे पडतात ती इथेच, आणि हातघाईचा हा भाग मला सर्वांत पटण्याजोगा वाटतो. जेत्यालाही मोकळीक नाही: पाठलाग टाळायचा असेल तर त्याला वेगळी चाचणी पार करावी लागते, नाहीतर तो आपली रांग मोडून पुढे धावतो आणि त्याचीच बगल उघडी पडते.