पार्श्वभूमी: छत्रीने उतरलेली, रस्त्याने गेलेली मराठा पलटण

डिसेंबर लागला की कोकणात दोन तारखांची आठवण निघते. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, ही सगळ्यांच्या तोंडी असलेली. 11 डिसेंबर 1971 ला मराठा पलटण आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलला छत्रीने, म्हणजे पॅराशूटने, उतरली, ही मुख्यतः माजी सैनिकांच्या घरांत मानाने सांगितली जाणारी. दोन्ही मोहिमांत तीच पलटण होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. एकदा ती विमानातून उतरली, एकदा पक्का-कच्चा रस्ता तुडवत आत शिरली. छत्रीधारी सैन्याचा सगळा इतिहास या दोन मोहिमांत पाहता येतो.

कारण या सैनिकाची खरी परीक्षा उडीनंतर सुरू होते. साधारण 1,200 फुटांवरून मारलेली उडी मिनिटाभरात संपते. विमानातल्या तारेला अडकवलेला पट्टा छत्री आपोआप उघडतो, पाय जमिनीला लागतात आणि तिथून पुढे जवानाकडे पाठीवर मावेल तेवढाच दारूगोळा असतो. जड तोफ नाही, रणगाडा नाही, चारी बाजूंना शत्रू. जमिनीवरून येणारी आपली फौज त्याला किती तासांत गाठते, यावर त्याचे जगणे-मरणे ठरते.

युरोपातल्या लढायांनी हेच दाखवले. मे 1941 मध्ये क्रीट बेट जर्मनांनी छत्रीधारी सैन्याच्या बळावर घेतले खरे, पण माणसे इतकी गेली की पुन्हा तेवढी मोठी हवाई चढाई त्यांनी केली नाही. दोस्त राष्ट्रांनी त्याच लढाईवरून नेमका उलटा बोध घेतला आणि अशा डिव्हिजनच्या डिव्हिजन उभ्या केल्या. सप्टेंबर 1944 मध्ये हॉलंडमधल्या आर्नेमला उतरलेल्या ब्रिटिशांना दोन-तीन दिवसांत रणगाडे येऊन मिळणार होते. ज्या पुलासाठी ही उडी होती, तिथपर्यंत रणगाडे नऊ दिवस झाले तरी पोचले नाहीत. उतरलेल्या सुमारे 10,000 पैकी 2,500 सुद्धा परत आले नाहीत.

भारतात पहिली पॅराशूट ब्रिगेड ऑक्टोबर 1941 मध्ये दिल्लीत उभी राहिली. छत्र्यांचा तुटवडा, विमाने जुनी. पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रसद टाकण्यासाठी रेशीम पुरेना, म्हणून कलकत्त्याच्या तागाच्या छत्र्या करून घ्याव्या लागल्या. ब्रिगेडची पहिली मोठी लढाई जमिनीवरच झाली. मार्च 1944 मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला, काटेरी तारसुद्धा हाताशी नसताना, ती जपान्यांना अडवून बसली. विमानातून टाकलेले पाणी आणि दारूगोळा बराचसा शत्रूच्या हद्दीत पडला. तिथे गेलेल्या वेळामुळे पुढे कोहिमा आणि इंफाळच्या बचावाला तयारी करता आली.

मराठ्यांची तिसरी पलटण दुसरे महायुद्ध संपल्यावर छत्रीधारी झाली. ही साधी पलटण नव्हे. माणगावात ज्यांचा पुतळा उभा आहे, ज्यांना जुलै 1944 मधल्या इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. फाळणीनंतर ती भारताकडे राहिली, जम्मूच्या बाजूला झांगडच्या लढाईत उतरली आणि 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. तिच्यात सातारा, सांगली, कोल्हापूरची माणसे होती, तशीच महाड, पोलादपूर, खेड, चिपळूणचीही.

आता गोवा. डिसेंबर 1961 मध्ये मुख्य चढाईचे काम पूर्वेकडून, मोलेच्या बाजूने येणाऱ्या पायदळ डिव्हिजनकडे होते. पॅराशूट ब्रिगेडला उत्तरेकडून, म्हणजे आपल्या सावंतवाडी-दोडामार्गाच्या अंगाने, दुय्यम काम मिळाले. छत्रीने कोणीच उतरले नाही. 18 तारखेच्या पहाटे तीन तुकड्या निघाल्या. मराठा पलटण उसगावमार्गे फोंड्याकडे, पंजाबी पलटण मधल्या वाटेने बाणस्तारीकडे आणि ब्रिगेडला जोडलेली शीख लाइट इन्फंट्रीची पलटण रणगाड्यांसह थिवीमार्गे. माघार घेताना पोर्तुगीज पूल उडवत गेले. जवान मिळेल तिथून नदी उतरून पुढे सरकत राहिले. संध्याकाळी शीख पलटणीची तुकडी बेतीला पोचली. समोर मांडवी, पलीकडे पणजी. रात्र तिथे काढून 19 ला सकाळी दोन कंपन्या पार गेल्या. शहरात शिरताना शीख जवानांनी लोखंडी हेल्मेट उतरवून छत्रीधारी सैन्याच्या मरून टोप्या घातल्या, तशी त्यांना आज्ञाच होती. ज्यांच्याकडे दुय्यम काम होते, तेच राजधानीत आधी पोचले.

प्रश्न इथे येतो. छत्रीधारी ब्रिगेड हाताशी असताना ती रस्त्याने का पाठवली? उडी मारायला हवी होती असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे. पूल उडण्याआधी ताब्यात घेणे हे छत्रीधारी सैन्याचे हक्काचे काम, आणि गोव्यात वाट अडली ती नेमकी पुलांपाशी. पोर्तुगीजांकडे तिथे एकही लढाऊ विमान नव्हते, म्हणजे आकाश मोकळेच होते. पुलाशेजारी एक-एक कंपनी उतरली असती तर मांडवीकाठ दुपारीच गाठता आला असता, असा हा हिशेब.

तो कागदावर बरोबर वाटतो. पण मांडवी-म्हापशाच्या काठची जमीन ज्याने पायाखाली घातली आहे, त्याला त्यातली अडचण लगेच कळेल. पुलाजवळ सपाटी म्हणजे खाजण. वर पापुद्रा वाळलेला, खाली गुडघाभर चिखल, आणि भरतीला मानशीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, आत येणारे पाणी. पाठीवर ओझे घेऊन त्यात पडलेला जवान आधी स्वतःला सोडवणार, मग पूल घेणार. खाजण टाळून वर सड्यावर उतरायचे तर तिथे उघडा कातळ, घोटा मोडायला पुरेसा. या दोन्हींच्या मधे माडा-पोफळीच्या बागा आणि घरे. वारा थोडा फिरला तरी माणसे नदीच्या दोन काठांवर विखुरणार. शिवाय सीमा ते पणजी हे अंतर एका दिवसाच्या चालीचे. जिथे जमिनीवरची फौज संध्याकाळी पोचू शकते, तिथे सकाळी माणसे आकाशातून टाकून ती धोक्यात घालायची कशासाठी? माझ्या मते रस्त्याने जाण्याचा निर्णय योग्य होता, आणि ब्रिगेडच्या वेगाने तो योग्य ठरवला. पण पुलांचा मुद्दा खोटा नाही, म्हणून हा वाद पुन्हा पुन्हा निघतो.

दहा वर्षांनी टांगाइलला सगळी गणिते जुळली. जमालपूर-मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेणारी पाकिस्तानी ब्रिगेड पुंगलीच्या पुलावर अडवायची होती. जमीन सपाट, विमानविरोधी मारा जवळपास नाही, मुक्तिवाहिनीचे लोक आधीपासून त्या भागात, आणि आपला एक अधिकारी त्यांच्यात जाऊन राहिलेला. 11 डिसेंबरला दुपार कलल्यावर पॅकेट, डकोटा, कॅरिबू आणि अँटोनोव्ह विमानांतून 700 च्या आसपास माणसे उतरली. गावकरी धावत आले, सामान उचलू लागले. रात्र पडेपर्यंत पूल हाती आला. माघारी येणाऱ्या फौजेने रात्रभर त्यावर हल्ले केले, ते परतवले गेले. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून लढत आलेली फौज पुलाशी पोचली. तिच्या आघाडीला होती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण. उतरलेले मराठे आणि त्यांना येऊन भिडलेलेही मराठे. रेजिमेंटच्या घरांत या भेटीला उडीइतकाच मान आहे, आणि तो रास्त आहे. आर्नेमला नऊ दिवसांत जे झाले नाही, ते इथे एका दिवसात झाले.

जगाला मात्र आकडा वेगळाच कळला. सरकारी प्रसिद्धी विभागाने जुन्या सरावाचा फोटो दिला, परदेशी वृत्तपत्रांनी 5,000 छत्रीधारी उतरल्याचे छापले. ढाक्यातल्या पाकिस्तानी सेनापतींच्या मनावर त्याचा परिणाम झालाच. 16 तारखेला हीच पलटण ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत होती.

टांगाइलनंतर भारताने पलटणभर माणसे छत्रीने लढाईत उतरवलेली नाहीत. 3 नोव्हेंबर 1988 च्या रात्री मालदीवला ब्रिगेडचे जवान गेले ते विमान थेट धावपट्टीवर उतरवून. हेलिकॉप्टरने मोठ्या उडीची जागा घेतली, त्याची चुणूक 1971 मध्ये बांगलादेशातली मेघना नदी ओलांडतानाच दिसली होती. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियन हवाई सैनिक कीव्हजवळच्या होस्तोमेल विमानतळावर हेलिकॉप्टरने उतरले, पण विमानांतून यायची मोठी कुमक त्या दिवशी पोचू शकली नाही आणि कीव्ह हाती आले नाही.

छत्रीधारी पलटणींपैकी बहुतेक आता स्पेशल फोर्सेस, म्हणजे खास मोहिमांच्या पलटणी, झाल्या आहेत. टांगाइलची पलटणही त्यात गेली. मराठ्यांची 21 वी पलटण 1996 मध्ये थेट त्याच कामासाठी पॅराशूट रेजिमेंटकडे आली. कोकणातल्या पोराला आज तिथे जायचे तर वाटा दोन. बेंगळुरूच्या केंद्रात थेट भरती, नाहीतर आधी बेळगावला मराठा रेजिमेंटमध्ये आणि मग तिथून स्वेच्छेने अर्ज. पुढे काही महिन्यांची कसून चाचणी, आग्र्याला पाच उड्या, त्यातली एक रात्रीची. चाचणीत जो टिकत नाही, तो आपल्या जुन्या पलटणीत परत जातो.