इंधनवाहिनीची मांडणी (इंजिनबदलातील)

जुन्या मोटारीला दुसऱ्या जातीचे इंजिन बसवताना टाकीपासून इंजिनापर्यंत आणि तेथून परत टाकीत जाणाऱ्या नळ्यांचा मार्ग नव्याने ठरवण्याचे काम. जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशच्या जिल्ह्यांत ते मुख्यतः विलीज-महिंद्रा जीप व अँबॅसडर यांवर केले जाते. डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते त्या काळात पेट्रोलच्या जीपला मॅटाडोरचे किंवा महिंद्राचे डिझेल इंजिन बसवले जाई. अँबॅसडरला कंपनीचे स्वतःचे डिझेल इंजिन १९८०च्या सुमारास मिळाले.

पेट्रोल इंजिनाच्या मांडणीत कळीचा प्रश्न व्हेपर लॉकचा, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडण्याचा. पेट्रोलमधील हलके घटक ३५ ते ४० अंश से. पासूनच उकळू लागतात आणि भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात सावलीतले तापमानच ४५ अंशांपर्यंत जाते. चाळीसगाव-कन्नड मार्गावरील औट्रम घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये चढू लागली, की बॉनेटखाली हवा फिरत नाही आणि इंजिन धापा टाकून बंद पडते. दोष नेमका कुठे, यावर मतभेद आहेत. काही कारागीर पंप ते कार्बोरेटर (पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणारा भाग) या टप्प्याला दोष देऊन तेवढ्याच नळीवर उष्णतारोधक गुंडाळतात. दुसऱ्या मतानुसार खरी कमजोर जागा पंपाच्या आधीची : इंजिनावरचा यांत्रिक पंप पेट्रोल ओढतो, ओढताना नळीतला दाब घटतो आणि उत्कलनबिंदू आणखी खाली येतो. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. टाकीजवळ, टाकीच्या पातळीखाली विद्युत पंप बसवल्यावर तक्रार बहुधा थांबते. मात्र कार्बोरेटरला ०.२ ते ०.३५ बार दाब पुरतो. इंजेक्शनचा ३ बारचा पंप जोडला तर कार्बोरेटरमधील नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोल अडवणारी सुईसारखी झडप) तो थोपवू शकत नाही आणि जादा पेट्रोल शिरून इंजिन फ्लड होते. विद्युत पंपाला ऑइल प्रेशर स्विच (इंजिनातील तेलाचा दाब गेला की वीज तोडणारा) जोडणे आवश्यक, नाहीतर अपघातानंतर इंजिन थांबले तरी पंप पेट्रोल ओततच राहतो. ८ मिमी. ची जाणारी व ६ मिमी. ची परतीची नळी असावी. इंधन फिरते राहिल्याने ते तापत नाही, म्हणून या हवामानात परतीची नळी वगळू नये.

डिझेलमध्ये परतीची नळी वगळताच येत नाही. फिरत्या (रोटरी) इंजेक्शन पंपाचे व इंजेक्टरचे उरलेले डिझेल टाकीत जावे लागते आणि पेट्रोलच्या जुन्या टाकीला बहुधा ते तोंडच नसते. टाकीला वेल्डिंग करणे जिवावर बेतते. रिकाम्या टाकीतील वाफ भरल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. टाकीतील इंधनपातळी दाखवणाऱ्या फ्लोटच्या झाकणावर बंजो (पोकळ बोल्टने बसणारा कडीसारखा सांधा) बसवून परतीची नळी आत, ओढनळीपासून दूर सोडावी. बॉशच्या व्हीई या फिरत्या पंपावर परतीच्या बंजो बोल्टवर ‘आउट’ अशी खूण असते व त्यात बारीक छिद्र असते. तो आत येणाऱ्या बोल्टशी अदलाबदल झाला, तर पंपाच्या आत दाब बनत नाही. इंजिन उशिरा सुरू होते व ओढत नाही.

नळी पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची घ्यावी. निव्वळ तांब्याची नळी हादऱ्यांनी कडक होऊन तडकते. जस्ताचा मुलामा डिझेलमध्ये विरघळून फिल्टर तुंबवतो. नळी चॅसिसच्या आतल्या बाजूने, सायलेन्सरच्या विरुद्ध अंगाने न्यावी. एक्झॉस्टपासून किमान १०० मिमी. अंतर राखावे, ते शक्य नसेल तेथे मध्ये पत्रा लावावा. दर ३०० ते ४०० मिमी. वर रबरी अस्तराची क्लिप व चॅसिसच्या छिद्रात ग्रोमेट (रबरी कडे) असावा. इंजिन हलते, म्हणून चॅसिस व इंजिन यांमधला तुकडा ढिला व लवचिक ठेवावा. नळीच्या टोकाला फुगवटा काढल्याशिवाय होज (लवचिक रबरी नळी) चढवू नये. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलने जुने रबर फुगते, तेव्हा होज त्यास योग्य असलेलाच घ्यावा. पेट्रोल इंजेक्शनसाठी तो एसएई जे३० मानकातील आर९ दर्जाचा.

डिझेल एअर घेत असेल तर गळती बाहेर दिसत नाही, कारण ओढीच्या बाजूला हवा आत शिरते. इंजेक्शन पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा तुकडा जोडून इंजिन चालवावे. बुडबुडे दिसल्यास टाकीपासून एकेक सांधा तपासत यावे. बंजोचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घालावेत.

इंजिन व इंधनाचा प्रकार बदलणे मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ (वाहनातील फेरबदल) खाली येते.