कॅलिपर बदलताना खरे काम द्रवाचे

ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी १,२०० किलो वजनाची मोटार थांबवायची, तर तिच्यातील सुमारे तीन लाख जूल गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करावे लागते. तेवढ्या उष्णतेत पाऊण लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे या कामाचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर पडतो. तेथे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा पकडणारा भाग म्हणजे कॅलिपर.

बहुतेक मोटारींच्या पुढच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड, म्हणजे घर्षणाचा ठोकळा, डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपरचे संपूर्ण धड दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅडही डिस्कवर ओढून आणते. पेडल दाबताच द्रव नळ्यांतून कॅलिपरकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर आणि कॅलिपरच्या पिस्टनचा ५४ मिलिमीटर असेल, तर पास्कलच्या नियमानुसार बल सात पटींहून अधिक वाढते. मात्र ब्रेक सोडल्यावर पिस्टनला मागे आणणारी स्प्रिंग तेथे नसते. ते काम चौकोनी छेदाचे एक रबरी कडे करते: पिस्टन पुढे जाताना ते किंचित पिळले जाते आणि दाब सरताच मूळ आकारात येताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाएवढे मागे खेचते. पॅड जसजसा झिजतो, तसतसा पिस्टन या कड्यातून थोडा पुढे घसरतो आणि अंतर आपोआप जुळत राहते. ब्रेकच्या सगळ्या रचनेत मला सर्वांत चतुर वाटते ते हे साधे कडे.

पिस्टन गंजला किंवा कड्यातून द्रव पाझरू लागला, तर कॅलिपर बदलावा लागतो. गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढली जाणे आणि एकच चाक जास्त तापणे ही त्याची लक्षणे असली, तरी सरकत्या पिना सुकल्या तरी हेच घडते. म्हणून नवा कॅलिपर आणण्यापूर्वी पिना हाताने सरकतात का, हे पाहणे शहाणपणाचे.

उतरवण्याचे काम त्या मानाने सोपे आहे. सपाट जागी चाकाचे नट आधी सैल करावेत, मग गाडी उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी; केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. ब्रेकच्या नळीचा पोकळ बोल्ट कॅलिपर जागेवर घट्ट असतानाच थोडा सैल करून घ्यावा, कारण सुटा झालेला कॅलिपर हातात धरून तो बोल्ट निघत नाही. या बोल्टाच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर दाबले जाऊन खाचांत बसतात व त्यानेच गळती थांबते. एकदा दबलेले तांबे कडक होते, म्हणून वायसर नवेच घालावेत. सरकत्या पिनांना सिलिकॉनचे ग्रीस लावावे, कारण साध्या खनिज ग्रीसने तेथील रबर फुगते. सर्व बोल्ट गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यानुसार टॉर्क पान्याने आवळावेत.

येथून पुढे खरी परीक्षा सुरू होते. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो, ते सहसा तेल नसून ग्लायकॉल वर्गातील द्रव असतो. तो हवेतील ओलावा शोषतो आणि गाडीचा रंगही खराब करतो. सांडल्यास लगेच पाण्याने धुवावा. डॉट ४ दर्जाच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत घसरलेला चालतो. म्हणूनच उघडी पडलेली जुनी बाटली वापरू नये.

द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दबते. नळीत अडकलेल्या बुडबुड्यामुळे पेडल स्पंजासारखे लागते आणि पायाचे बल बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडते. हवा वर चढते, त्यामुळे ती काढण्याचे निपल (उघडता-बंद करता येणारे छोटे तोंड) कॅलिपरच्या वरच्या टोकाला असलेच पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसला, तर निपल खाली येते आणि कितीही द्रव ओतला तरी हवा निघत नाही, ही चूक वाटते त्याहून फार जणांकडून होते. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल उघडावे आणि पेडल सोडण्यापूर्वी ते बंद करावे. असे करताना टाकीतील पातळी कधीही तळाला जाऊ देऊ नये.

शेवटी इंजिन बंद असताना पेडल कडक होईपर्यंत अनेकदा दाबावे. त्यानंतर पेडल दाबून धरून इंजिन सुरू केल्यावर ते किंचित खाली जाते. तो हवेचा दोष नसून इंजिनाच्या निर्वातावर चालणाऱ्या, पायाच्या बलात भर घालणाऱ्या मदतनिसाचा (बूस्टरचा) परिणाम आहे. पण त्यापुढेही स्थिर दाबाखाली ते हळूहळू बुडतच राहिले, तर कोठेतरी द्रव निसटतो आहे, आणि तो दोष सापडेपर्यंत गाडी जागची हलवू नये.